बोटांच्या कोट्या

एक बधिर जोडपं लांबच्या प्रवासात रात्री एका मोटेलमध्ये उतरतं. बायकोचं डोकं दुखू लागतं, म्हणून नवरा गाडी काढून औषध आणायला जातो. परत येतो तर आपली खोली कुठली तेच आठवत नाही. सगळी दारं सारखी, सगळ्या खिडक्यांत अंधार, आणि मध्यरात्र उलटून गेलेली. तो जरा वेळ उभा राहतो, मग गाडीत बसतो आणि हॉर्न दाबून धरतो. एकेका खिडकीत दिवा लागतो, पडदे सरकतात, दारं उघडतात, माणसं हात उगारून ओरडू लागतात. एकच खोली अंधारात राहते. नवरा हॉर्नवरचा हात काढतो, गाडीला कुलूप लावतो आणि सरळ त्या खोलीकडे चालू लागतो.

कॅरल पॅडन आणि टॉम हम्फ्रीज या दोन बधिर अभ्यासकांनी हा विनोद १९८८ साली आपल्या पुस्तकात नोंदवला. अमेरिकेतल्या बधिरांच्या वसतिगृहांत आणि क्लबांत तो त्याआधीपासून फिरत होता. त्यातला बधिर माणूस बिचारा नाही. आवाज त्याला ऐकू येत नाही, पण आवाजाने बाकीच्यांचं काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि अडल्या वेळी तो ते ज्ञान कामाला लावतो. ऐकणारी सगळी माणसं त्याच्या लेखी दिव्याची बटणं होतात. बायकोला जाग येत नाही, आणि तोच तिचा पत्ता ठरतो.

आता आपल्याकडचा बहिऱ्याचा विनोद आठवून पाहा. एक जण काही विचारतो, बहिरा भलतंच ऐकतो आणि भलतंच उत्तर देतो. आपल्या तमाशात, नाटकांत, गप्पांच्या फडात हा प्रकार शेकडो वर्षं हुकमी हशा मिळवत आला आहे. त्याची सगळी मदार चुकीचं ऐकण्यावर असते आणि हसणारे असतात ऐकणारे. बधिर माणसं एकमेकांत जे विनोद करतात, त्यांत हा प्रकार फारसा नाही. त्यांच्या विनोदात चुकतो तो बहुधा ऐकणारा माणूस. हा फरक लक्षात आला की, आपण इतकी वर्षं कोणाला हसत होतो याचा विचार करावाच लागतो.

बधिरांच्या या विनोदाचा भाषाशास्त्राच्या अंगाने कसून अभ्यास करणाऱ्यांत रेचल सटन-स्पेन्स हे ठळक नाव आहे. त्या स्वतः ऐकणाऱ्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात १९७८ साली बधिरांविषयीच्या अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. सटन-स्पेन्स यांचं काम त्या केंद्रात घडलं. बोटांनी इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द सांगण्याची पद्धत ब्रिटिश सांकेतिक भाषेत काय काम करते, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. १९९९ साली बेन्सी वॉल यांच्याबरोबर त्यांनी ब्रिटिश सांकेतिक भाषेच्या व्याकरणाची ओळख करून देणारं पुस्तक लिहिलं. विद्यार्थी आजही ते वापरतात. मग त्या कवितेकडे वळल्या. डोरोथी माइल्स ही वेल्समध्ये १९३१ साली जन्मलेली, लहानपणीच्या आजारात ऐकणं गमावलेली कवयित्री. तिने हातांनी कविता रचल्या, इंग्रजीतही लिहिल्या आणि दोन्ही भाषांना एका कवितेत नांदवलं. तिच्या आणि इतर बधिर कवींच्या रचनांवर सटन-स्पेन्स यांचं पुस्तक २००५ साली आलं.

कवितेच्या मागोमाग विनोद येणं अगदी स्वाभाविक होतं. भाषा कुठवर वाकते हे कवी आणि विनोद सांगणारा दोघेही तपासत असतात. या कामात त्यांना अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजच्या भाषाशास्त्रज्ञ डॉना जो नापोली यांची साथ मिळाली. नापोली मुलांसाठी कादंबऱ्याही लिहितात. कदाचित म्हणूनच, गोष्टीतला कुत्रा नेमका कसा बोलेल हा प्रश्न त्यांना क्षुल्लक वाटला नसावा. सांकेतिक भाषांतल्या विनोदाच्या भाषिक पायावर या दोघींचं पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झालं, आणि विनोदाच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात २०१२ साली त्यांचा दीर्घ निबंध आला. सटन-स्पेन्स पुढे ब्राझीलला गेल्या. फ्लोरियानोपोलिस इथल्या विद्यापीठात त्या ब्राझीलची सांकेतिक भाषा आणि तिचं साहित्य शिकवतात.

खुणांमध्ये कोटी कशी होते हे समजायला थोडं मागे जावं लागेल. वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयात १९५५ साली विल्यम स्टोकी नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक आले. चॉसर हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. विद्यार्थ्यांचे हात पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं की, हे हातवारे अखंड चित्रं नाहीत. प्रत्येक खूण सुट्या भागांची बनलेली आहे: हाताचा आकार कोणता, तो शरीरापाशी कुठे धरला आहे आणि कसा हलतो. ‘काल’, ‘गाल’, ‘ताल’ या शब्दांत एक ध्वनी बदलला की शब्द बदलतो. तसंच इथे आकार, जागा किंवा हालचाल यांपैकी एक गोष्ट बदलली की खूण बदलते. १९६० साली त्यांनी हे छापलं तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची टर उडवली. बधिर सहकाऱ्यांनाही ते पटलं नव्हतं. आपल्या हातांत भाषा आहे, हे त्यांना आयुष्यभर कोणी सांगितलंच नव्हतं. आज सांकेतिक भाषांचं सगळं भाषाशास्त्र त्या छोट्या पुस्तिकेवर उभं आहे.

अत्रे किंवा पु. ल. यांची कोटी जिथे घडते, ती जागा आता खुणांतही सापडते. दोन शब्दांमध्ये केसाएवढाच फरक असतो आणि वक्ता मुद्दाम त्या फटीत बोट घालतो. इथे तर बोट खरोखरच घालायचं असतं. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत एडवर्ड क्लिमा आणि अर्सुला बेलुगी यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेचा अभ्यास केला. १९७९ सालच्या त्यांच्या पुस्तकात खुणांच्या खेळांवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यातला एक खेळ आता या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी आहे. अमेरिकी खुणेत ‘समजलं’ म्हणताना मूठ कपाळापाशी नेतात आणि तर्जनी झटकन वर करतात. एकाने तर्जनीऐवजी करंगळी वर केली. जागा तीच, हालचाल तीच, बोट तेवढं सगळ्यांत धाकटं. अर्थ झाला, ‘समजलं, पण इवलंसंच’. भाषेच्या नियमात ही खूण बसत नाही, पाहणाऱ्याला मात्र ती तत्क्षणी कळते, आणि नियम मोडलेला दिसतो म्हणूनच हसू येतं. भाषेला नियम नसते तर मोडायला काय होतं? हातवाऱ्यांना व्याकरण नसतं असं म्हणणाऱ्यांना ही एक करंगळी पुरेसं उत्तर देते.

दुसरा खेळ दोन भाषांच्या उंबऱ्यावरचा आहे. अमेरिकी खुणेत दूध म्हणजे धार काढल्यासारखी मुठीची उघडमीट. ती खूण करत हात डोळ्यांसमोरून आडवा नेला की झालं ‘पाश्चराइज्ड’ दूध, कारण इंग्रजीत ‘पास्ट युवर आइज’ म्हणजे डोळ्यांपुढून गेलेलं. हा विनोद कळायला खुणा आणि इंग्रजी दोन्ही हवं. ऐकणाऱ्यांच्या भाषेचा उच्चार बधिर माणसाला ठाऊक नसणार असं आपण गृहीत धरतो, आणि इथे तो त्याच उच्चाराला मोडून खेळणं करतो.

मात्र कोटी हा या विनोदाचा लहानसा कोपरा आहे. सटन-स्पेन्स आणि नापोली यांनी सर्वाधिक लक्ष दिलं ते सोंगाकडे. आपण गोष्टीत ‘मग कुत्रा म्हणाला’ असं म्हणतो. खुणांत सांगणारा कुत्रा होतो. होतो, पण माणूसही राहतो. त्याचा चेहरा कुत्र्याचा, खांदे कुत्र्याचे, आणि हात भाषा बोलतच असतात. मग पेच पडतो. कुत्र्याला पंजे आहेत, बोटं नाहीत, तर कुत्र्याच्या खुणा कशा दिसतील? झाड खुणा करू लागलं तर फांद्यांनी करील की पानांनी? विमान बोललं तर पंखांनी? बधिर कलावंत ही कोडी गंमत म्हणून सोडवतात आणि प्रत्येक उत्तरात भाषेचा एकेक नियम ताणून पाहतात. या दोघींनी ब्रिटिश बधिर कवी आणि कथाकारांची अशी सादरीकरणं बारकाईने तपासली. सोंग कितीही विचित्र असलं तरी समोरच्याला मूळ खूण ओळखू येईल इतकं तिचं काहीतरी शिल्लक ठेवावं लागतं. किती ठेवायचं आणि किती उडवायचं, याचं भान ज्याला आहे तो त्या समाजात मोठा विनोदकार.

यात एक सोय अशी आहे की बोलणाऱ्याला हेवा वाटावा. तोंडाने एका वेळी एकच शब्द निघतो. खुणा करणाऱ्याकडे दोन हात, भुवया, नजर, गाल, खांदे असं सगळं एकाच वेळी हाताशी असतं. उजवा हात गाडी चालवतोय, डावा हात शेजारच्या बायकोच्या हाताची बडबड दाखवतोय, आणि चेहरा नवऱ्याचा, ऐकल्यासारखं करणारा. तिन्ही गोष्टी त्याच क्षणी. लिहिताना मला त्या ओळीने मांडाव्या लागल्या आणि तिथेच गंमत निम्मी उरली. चेहऱ्याचं काम तर दुहेरी असतं. अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. कोण, काय, कुठे विचारताना त्या आक्रसतात. म्हणजे भुवई हे व्याकरण आहे. त्याच भुवईने शाळेतल्या खाष्ट बाईंची नक्कलही करायची असते. व्याकरण न सोडता नक्कल करणं किती अवघड आहे याची कल्पना करून पाहावी.

झाडाचा विनोद याच जातीचा आहे. लाकूडतोड्या झाड तोडतो आणि रिवाजाप्रमाणे ‘टिंबर!’ म्हणून ओरडतो. बुंधा पुरता तुटलाय, तरी झाड उभंच. पुन्हा ओरडतो. झाड ढिम्म. शेवटी डॉक्टरला बोलावतो. डॉक्टर झाड तपासून सांगतो, ‘हे बहिरं आहे.’ मग लाकूडतोड्या बोटांनी एकेक अक्षर जुळवून ‘टिंबर’ हा शब्द दाखवतो आणि झाड कोसळतं. अमेरिकी खुणेत झाड म्हणजे कोपरापासून उभा धरलेला हात आणि पसरलेली बोटं. सांगणाऱ्याचा स्वतःचा हातच त्या विनोदातलं झाड असतो. शेवटी तो हात आडवा पडतो तेव्हा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर झाड पडलेलं असतं.

ऐकणाऱ्यांना यातले बरेच विनोद समजावून सांगितले तरी हसू येत नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासक सुसान रदरफर्ड यांनी १९८३ साली याच गोष्टीवर निबंध लिहिला. त्यांनी घेतलेला विनोद रेल्वे फाटकाचा आहे. बधिर माणूस गाडी घेऊन फाटकापाशी थांबलाय. आगगाडी निघून गेली तरी फाटक उघडत नाही, कारण फाटकवाला फोनवर गप्पा मारतोय. बधिर माणूस कागदावर इंग्रजीत लिहून त्याच्यापुढे धरतो, ‘प्लीज बट’. म्हणजे ‘कृपया, पण’. फाटकवाला चक्रावतो. खुणा येणारे हसून बेजार होतात, कारण अमेरिकी खुणेत ‘पण’ म्हणताना दोन तर्जन्या एकमेकींवर फुली मारून धरतात आणि मग बाजूला करतात. हुबेहूब फाटक उघडल्यासारखं. गडी फाटक उघडायला सांगत होता, आपल्या भाषेत. ऐकणाऱ्या वाचकाला हे स्पष्टीकरण लागतं. आपण आयुष्यभर बधिरांना अशाच स्पष्टीकरणांवर ठेवलं आहे, तेव्हा एकदा आपण त्या बाजूला बसलो तर बिघडत नाही.

हसण्याबद्दलचा एक प्रयोग मला या सगळ्या संशोधनात फार मोलाचा वाटतो. बोलता बोलता माणूस हसतो तेव्हा शब्दाच्या मध्येच सहसा हसत नाही. वाक्य संपलं, थांबा आला की हसतो. पूर्वी वाटायचं, याचं कारण साधं आहे. गळा एकच, त्यातून एका वेळी शब्द तरी निघेल किंवा हसू तरी. हास्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन आणि सांकेतिक भाषेच्या अभ्यासक कॅरन एमोरी यांनी २००६ साली हे बधिरांमध्ये तपासलं. खुणांनी बोलणाऱ्याचा गळा मोकळाच असतो, त्याला हवं तेव्हा हसता यावं. त्यांनी बधिरांची ११ संभाषणं पाहिली. खूण चालू असताना जितक्यांदा हसू आलं, त्याच्या २.७ पट अधिक वेळा ते वाक्यांच्या सांध्यावर आणि विरामात आलं. म्हणजे हसण्याची जागा गळा ठरवत नाही. ती ठरवते मेंदूतली भाषा, मग ती तोंडातून येवो की हातांतून. हसण्याच्या बाबतीत बधिर आणि ऐकणारे एकाच घडणीचे आहेत.

बधिरांच्या विनोदात रागही आहे, आणि तो समजून घ्यायला इटलीतल्या मिलान शहरात जावं लागतं. सप्टेंबर १८८० मध्ये तिथे बधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. खुणांपेक्षा तोंडी बोलणं श्रेष्ठ, म्हणून शाळांत बोलणंच शिकवावं, असा ठराव प्रचंड बहुमताने झाला. शंभराहून अधिक प्रतिनिधींत बधिर माणूस एकच होता. त्यानंतर देशोदेशींच्या शाळांतून खुणांना हद्दपार केलं गेलं, बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलांनी हात हलवू नयेत म्हणून हातांवर छड्या बसल्या, कुठे हात बांधले गेले. ओठ वाचायचे, आवाज काढायचा, जो स्वतःला ऐकूच येत नाही तो सुधारत बसायचं. अभ्यासाचा बहुतेक वेळ यात गेला. भाषा जगली ती वसतिगृहात, दिवे मालवल्यावर, मास्तरांची पाठ वळल्यावर. बधिर मुलांची पहिली विनोदशाळा तिथेच भरली. दिवसा ओरडणाऱ्या मास्तरांची रात्री नक्कल व्हायची. त्या नकलेत सूड होता, तसाच भाषेचा सरावही. व्हँकुव्हरला भरलेल्या बधिरांच्या शिक्षणविषयक परिषदेने मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त केला तो २०१० साली. मध्ये १३० वर्षं गेली.

हे माहीत असेल तरच राक्षसाच्या विनोदातला डंख कळतो. एक अवाढव्य राक्षस, कुणी त्याला किंगकाँग म्हणतात, शहरात घुसतो. इमारती चिरडत जाताना त्याला एक सुंदर तरुणी दिसते. तो तिला अलगद उचलून तळहातावर ठेवतो. ती थरथरतेय. राक्षस मात्र प्रेमात पडलाय. तो मोकळ्या हाताने हळुवारपणे म्हणतो, ‘घाबरू नकोस, तू फार सुंदर आहेस, मला तुझ्याशी लग्न करायचंय.’ अमेरिकी खुणेत ‘लग्न’ म्हणजे एक तळहात दुसऱ्यावर आणून दोन्ही हात घट्ट मिटणं. तो तशी खूण करतो. मग हात उघडून पाहतो, आणि खिन्नपणे म्हणतो, ‘पाहिलंत? तोंडी बोलणंच चांगलं.’

शंभर वर्षं ज्या वाक्याने त्यांना झोडपलं, तेच वाक्य बधिरांनी राक्षसाच्या तोंडी घातलं आणि मिलानच्या ठरावाचं हसं केलं. एवढ्या मोठ्या अन्यायाला इतकं नेमकं उत्तर मी क्वचितच वाचलं आहे.

एक विनोद याहून कडवट आहे. आगगाडीच्या डब्यात एक रशियन, एक क्यूबन, एक बधिर आणि एक ऐकणारा असे चौघे बसलेत. रशियन व्होडकाची अर्धी बाटली खिडकीबाहेर फेकतो, ‘आमच्याकडे ढीग आहे.’ क्यूबन अर्धवट ओढलेला सिगार फेकतो, ‘आमच्याकडे ढीग आहे.’ बधिर माणूस विचार करतो, उठतो आणि शेजारच्या ऐकणाऱ्याला उचलून बाहेर फेकतो. ऐकणारे वाचक इथे थोडे दुखावतात. दुखावलं तरी चालेल. ज्याच्याभोवती सतत आपल्यासारख्यांचा ढीग असतो, त्याचा तो श्वास आहे.

एके काळी मात्र बधिर आणि ऐकणारे दोघेही एकाच पडद्याकडे पाहून हसत होते. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज व्हेडिट्झ या बधिर नेत्याने, भाषा मरू नये म्हणून, खुणांतून केलेलं भाषण चित्रपटाच्या फितीवर उतरवलं. मूकपट हे बधिरांसाठी समानतेचं दालन होतं. चार्ली चॅप्लिनचा मित्र ग्रॅनव्हिल रेडमंड बधिर चित्रकार होता. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रं काढायला जागा दिली, त्याच्याकडून खुणा शिकून घेतल्या आणि ‘सिटी लाइट्स’सकट आपल्या अनेक चित्रपटांत त्याला छोट्या भूमिका दिल्या. मग बोलपट आला. आपल्याकडे १९३१ साली ‘आलम आरा’ आणि पुढच्या वर्षी मराठीत ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा झालेल्या आनंदाची वर्णनं आपण वाचली आहेत. त्याच दिवसांत थिएटरातल्या बधिर प्रेक्षकाच्या हातून काय निसटलं, हे आपल्या चित्रपट-इतिहासात शोधूनही मिळत नाही.

आणि घरात? नव्वद टक्क्यांहून अधिक बधिर मुलं ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्माला येतात. त्यामुळे ही भाषा आणि तिच्यातले विनोद आजीकडून नातवाकडे जात नाहीत. मोठ्या मुलाकडून धाकट्याकडे, शाळेच्या मैदानात, क्लबच्या बाकावर ते सोपवले जातात. जगभरच्या बधिरांच्या आत्मकथनांत एक प्रसंग इतक्या वेळा येतो की अभ्यासकांनी त्याला जेवणाच्या टेबलाचं नाव दिलं आहे. घरातले सगळे जेवायला बसलेत. कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळे खळाळून हसतात. बधिर मूल आईचा हात हलवून विचारतं, काय झालं? आई म्हणते, ‘काही नाही रे, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ कधी येत नाही. आलंच तर एका कोरड्या वाक्यात. मूल हळूहळू सगळ्यांबरोबर हसायला शिकतं, कशाला ते न कळता. आपल्या घरांत टेबल नसेल, पंगत असेल, फराळाचं ताट असेल. मूल तेच असतं. या मुलाला जेवण, कपडे, औषध, श्रवणयंत्र सगळं मिळतं. घरातला विनोद तेवढा मिळत नाही. माझ्या मते हे दुय्यम नुकसान नाही. आपण घरचे आहोत ही जाणीव माणसाला घरच्या थट्टामस्करीतूनच येते.

भारतात बधिर मुलांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास मुंबईतच सुरू झाली. मिलानचा ठराव तेव्हा ताजा होता, आणि आपल्या बहुतेक शाळा पुढे दीर्घकाळ तोंडी बोलण्याच्याच मार्गाने गेल्या. तरी हात थांबले नाहीत. बाळपणी ऐकू येत असलेले आणि अकराव्या वर्षी आजाराने ते गमावलेले मदन वसिष्ठ पुढे गॅलॉडेटला गेले. जेम्स वुडवर्ड आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दिल्ली, कोलकाता, बंगळूर आणि मुंबई इथल्या खुणांचे कोश तयार केले. वसिष्ठांच्या आठवणींचं पुस्तक २००६ साली आलं. त्यात गावाकडच्या आणि दिल्लीतल्या बधिर माणसाचं जगणं त्यांनी ज्या मिस्कीलपणे रंगवलं आहे, ते मराठीत यायला हवं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ उलरिके झेशान यांनी दिल्ली आणि कराची इथल्या खुणांचं व्याकरण तपासलं आणि ते एकाच भाषेचं असल्याचं दाखवून दिलं. शब्द शहरागणिक बदलतात, वाक्याची घडण एक राहते. दोन्हीकडचे बधिर भेटले तर एकमेकांचे विनोद समजायला त्यांना फारशी अडचण पडू नये.

आपल्या भाषेतही विनोदाला सुपीक जागा भरपूर आहेत. भारतीय सांकेतिक भाषेत बाईची खूण नाकपुडीशी, चमकीच्या जागी होते, पुरुषाची मिशीपाशी. ज्याला मिशी नाही आणि जिच्या नाकात चमकी नाही, त्यांच्यावर खेळ करायला किती वाव आहे! नावांच्या खुणाही आहेत. जगभर बधिर समाजात प्रत्येकाला एक खूण-नाव मिळतं आणि ते बहुधा डोळ्यांना आधी दिसणाऱ्या गोष्टीवरून पडतं: गालावरचा तीळ, कपाळावरचा व्रण, टक्कल, चष्मा, चालण्याची ढब. ऐकणाऱ्यांना हे उद्धट वाटतं. बधिरांत ते ओळखीचं आणि बहुतेकदा मायेचं असतं. मात्र मुख्याध्यापकांना मुलांनी दिलेली खूण मुख्याध्यापकांना कधीच दाखवली जात नाही, हे कुठल्याही बधिर शाळेत तितकंच खरं असणार.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ऐकण्याची अडचण असलेले लोक ५० लाखांहून अधिक आहेत. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्याने २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर नेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात या भाषेचं देशभर प्रमाणीकरण करण्याचं वचन आहे. कोश हवेतच, अभ्यासक्रमही हवेत. मला काळजी आहे ती वेगळ्या गोष्टीची. प्रमाणीकरणाची गाडी निघाली की आधी टाकून दिली जाते ती वसतिगृहातली बोली, शाळेशाळेची खास खूण, आणि तिच्यावर उभा असलेला विनोद. ब्रिस्टलमध्ये कविता, गोष्टी, विनोद यांची चित्रमुद्रणं झाली म्हणून सटन-स्पेन्स यांना अभ्यास करता आला. ही भाषा कागदावर उतरत नाही. सांगणारा म्हातारा गेला की त्याचा विनोद त्याच्याबरोबर जातो.

म्हणून मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीतल्या बधिर संघटनांनी आणि शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या ज्येष्ठांना मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे बसवावं आणि शाळेतले विनोद सांगायला लावावेत. जुन्या मास्तरांच्या नकला, खूण-नावांच्या कथा, फजित्या, सगळं. सांगणारे बधिर, समोर बसणारेही बधिर, आणि निवडणारेही तेच. ऐकणाऱ्या अभ्यासकांनी कॅमेरा धरावा, खर्च उचलावा आणि विचारतील तेव्हाच बोलावं. विद्यापीठांतल्या मराठी आणि भाषाशास्त्राच्या विभागांना हे काम सहज हाती घेता येईल. लोकसाहित्याच्या संकलनाची आपली परंपरा जुनी आहे. ओव्या आणि उखाणे गोळा करणाऱ्यांनी हातांवरचं लोकसाहित्य वगळायचं काही कारण नाही.

आणि हा लेख ज्या घरात वाचला जात असेल त्या घरात, शेजारी किंवा नात्यात बधिर मूल असेल, तर वाचकांना एक विनंती आहे. दिल्लीच्या त्या केंद्राच्या कोशातल्या खुणांच्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट पाहता येतात. रोज थोड्या खुणा शिका. त्या मुलाला शिकवण्यासाठी नव्हे, ते बहुधा तुमच्या पुढेच असेल; त्याच्याशी बोलण्यासाठी. फराळाला बसल्यावर सगळे हसले आणि त्याने विचारलं, काय झालं, तर ‘नंतर सांगते’ म्हणू नका. जेवण थांबवा, विनोद पुन्हा पहिल्यापासून सांगा, हातांनी, जमेल तसा. खुणा चुकल्या तर ते मूल तुम्हाला हसेल. हसू द्या.